एवढ्याशाने काय होतं?



चार वर्षांपूर्वी रोश हशानाला माझ्या आईने नेहमीप्रमाणे चिकाचा हलवा केला होता. नारळाच्या दुधातला, वेलची घातलेला, वर बदामाचे काप. माझा धाकटा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. महिन्याभरापूर्वीच त्याला सीलिअ‍ॅक असल्याचं निदान झालं होतं आणि डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद करायला सांगितलं होतं. बाकीची नातवंडं हलव्यावर तुटून पडली होती आणि हा दाराशी उभा राहून बघत होता. आईला ते बघवेना. मी स्वयंपाकघरात असताना तिने एक वडी त्याच्या तोंडात घातली आणि म्हणाली, "एवढ्याशाने काय होतं? सणाच्या दिवशी पोराने तोंडही गोड करायचं नाही?"

त्या रात्री मुलाने पोट धरून उलट्या काढल्या. सकाळी आईला कळलं तेव्हा ती रडली आणि मी तिच्यावर चिडले. पुढे शांत झाल्यावर लक्षात आलं की चूक माझीही होती. "गहू देऊ नकोस" एवढंच मी तिला सांगितलं होतं. का द्यायचा नाही, गहू कुठेकुठे लपलेला असतो, थोडासाही का चालत नाही, हे कधी नीट समजावलंच नव्हतं. चीक म्हणजे भिजवून वाटलेल्या गव्हाचा गाळून काढलेला साका. पांढराशुभ्र दिसतो, त्यात कोंडा नाही, कणीक नाही, म्हणून आईला तो गहू वाटलाच नाही. जे तिला तेव्हा सांगायला हवं होतं, ते आज तुम्हा सर्व आजी-आजोबांना सांगते.

आम्हाला कसं कळलं

चौथ्या वर्षापर्यंत मुलगा बरा होता. मग त्याचं वजन वाढेनासं झालं. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र फुगलेलं. सारखा चिडचिडा, फिकट, खेळता खेळता येऊन मांडीवर आडवा होणारा. रक्त कमी निघालं म्हणून लोहाचं औषध दिलं, तरी रक्त वाढेना. घरच्यांनी आपापली कारणं काढली. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं जंत झाले, कुणी म्हणालं आई नोकरी करते म्हणून पोराच्या खाण्याकडे लक्ष नाही. हे शेवटचं मला फार लागलं, कारण मलाही रात्री तेच वाटत असे.

अखेर एका डॉक्टरीणबाईंनी रक्ताची वेगळी तपासणी करायला लावली. सीलिअ‍ॅकमध्ये शरीर जी प्रतिद्रव्यं तयार करतं, ती त्यात मोजतात. ती फार वाढली होती. मग दुर्बिणीने आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासला आणि निदान पक्कं झालं.

तीन वेगळ्या गोष्टी

"अमुक पदार्थ मानवत नाही" असं आपण सरसकट म्हणतो. पण त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचा धोका वेगळा आहे.

पहिली अ‍ॅलर्जी. दूध, अंडं, शेंगदाणा, तीळ अशा पदार्थाला शरीर शत्रू समजून ताबडतोब प्रतिकार करतं. काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित श्वास कोंडून जिवावर बेततं. आपल्या इस्रायलमध्ये घरोघरी ताहिना आणि हलवा असतो, म्हणून तिळाची अ‍ॅलर्जी विशेष लक्षात ठेवावी. अशा मुलाजवळ डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन कायम असावं आणि ते कसं द्यायचं हे आजी-आजोबांनाही माहीत असावं.

दुसरी असहिष्णुता. दुधातली साखर पचवणारा रस आतड्यात कमी पडला की दूध प्यायल्यावर पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात. त्रास होतो, पण आतड्याला इजा होत नाही. पुष्कळांना थोडं दही किंवा जुनं चीज चालतंही. आपल्यापैकी अनेकांना उतारवयात हे होतं.

तिसरी सीलिअ‍ॅक, ज्याला हिब्रूत 'त्सेलिअ‍ॅक' म्हणतात. ही अ‍ॅलर्जीही नाही आणि नुसती असहिष्णुताही नाही. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. त्यानेच कणकेला चिकटपणा येतो. सीलिअ‍ॅक असलेल्या माणसाने ते खाल्लं की शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते. लहान आतड्याचं अस्तर अंग पुसायच्या पंचासारखं असतं, असंख्य बारीक लव असलेलं. त्या लवेतून अन्नाचं सत्त्व शोषलं जातं. सीलिअ‍ॅकमध्ये ती लव झिजून अस्तर सपाट होतं. मग पोराला बदाम घाला, तूप घाला, अंगी काही लागत नाही. लोह ज्या भागात शोषलं जातं त्याच भागाला सर्वांत जास्त इजा होते, म्हणून आमच्या मुलाला लोहाचं औषध लागू पडत नव्हतं. दूध पचवणारा रसही त्या लवेच्या टोकाशीच तयार होतो, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने त्याला दूधही मानवत नसे. लव पुन्हा उगवली तसं दूध चालू लागलं.

हा दोष गव्हाचा आहे, हे शोधून काढलं हॉलंडमधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने. त्याला आधीपासून संशय होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये भीषण दुष्काळ पडला. पाव मिळेना, लोकांनी ट्यूलिपचे कांदे खाऊन दिवस काढले. अशा उपासमारीत हा आजार असलेली मुलं मात्र खालावली नाहीत, उलट सुधारली. पुढे पाव परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिकेने आपला प्रबंध मांडला.

औषध आजही तेच आहे. ग्लुटेन आयुष्यभर बंद. गोळी नाही, इंजेक्शन नाही. आणि "एवढ्याशाने काय होतं" याचं उत्तर असं: रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात गेलं तरी काही रुग्णांच्या आतड्याला इजा होते, असं दिसून आलं आहे. पावाच्या एका कापात साधारण २ ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे त्या कापाचा चाळिसावा भाग, ताटाखाली पडलेला चुरा म्हणा ना. मूल रडलं नाही, उलटी झाली नाही, तरी आत इजा होत असते. काही मुलांना तर बाहेरून काहीच जाणवत नाही.

वर्षभराचा पेसाख

आईला हे समजवायला मला डॉक्टरी शब्द उपयोगी पडले नाहीत. पेसाख उपयोगी पडला. हामेत्झची पाच धान्यं आपण जाणतो: गहू, जव, स्पेल्ट, राय आणि ओट. सीलिअ‍ॅकची यादी जवळजवळ तीच. स्पेल्ट हा गव्हाचाच भाऊ. ओटमध्ये गव्हाचं ग्लुटेन नसतं, पण शेतात आणि गिरणीत गहू मिसळतो आणि काही मुलांना शुद्ध ओटही सोसत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच द्यावं. मी आईला म्हटलं, "याला बारा महिने अनाशी ढाकाचा सण आहे असं समज. फक्त मात्झाही चालत नाही, कारण मात्झा गव्हाचा."

मग तिला एका दमात सगळं कळलं. मांसाची भांडी वेगळी आणि दुधाची वेगळी ठेवण्यात जिचा जन्म गेला, तिला एका चमच्याने काय बिघडतं हे सांगावं लागत नाही. तिने स्वतःच त्याच्यासाठी वेगळं लाकडी पोळपाट-लाटणं घेतलं, कारण लाकडाच्या चिरांत कणीक राहते. चाळणी, पावाचा टोस्टर आणि भात निथळायची जाळी वेगळी केली. पुऱ्या किंवा श्निट्झेल तळलेल्या तेलात त्याच्यासाठी काही तळायचं नाही. आधी त्याचं रांधायचं, मग गव्हाचं. जॅमच्या बाटलीत पावाला लावलेला चमचा परत घालायचा नाही.

गहू कुठे लपतो

रवा, शेवया, बुर्गुल, कुसकुस, पतितीम, बुरेकास ही उघड नावं. पण आपल्या घरातला खरा चोर आहे हिंग. बाजारातल्या डबीतला हिंग शुद्ध नसतो. तो बहुधा गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो. आम्ही सहा महिने सगळं पाळत होतो आणि वरणाला फोडणी त्याच डबीची देत होतो! आता तांदळाच्या पिठात मिसळलेला हिंग बघून घेते. सोया सॉसमध्ये गहू असतो. माल्ट म्हणजे जव, म्हणून माल्टची दुधात घालायची पूड चालत नाही. फलाफेलमध्ये आणि कबाबात कधीकधी पीठ किंवा पावाचा चुरा घालतात, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नये.

पाकिटावरचे हिब्रू शब्द मी आईला मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावले आहेत. 'लेलो ग्लूतेन' म्हणजे ग्लुटेन नाही, चालेल. 'मेखील ग्लूतेन' म्हणजे आहे, नको. 'अलूल लेहाखील' म्हणजे असू शकेल, तेही नको. 'खिता' म्हणजे गहू, 'सेओरा' म्हणजे जव, 'शिफोन' म्हणजे राय, 'सोलेत' म्हणजे रवा. पेसाखच्या दिवसांत दुकानात बटाट्याच्या पिठाचे पदार्थ पुष्कळ येतात, पण 'कोशेर लेपेसाख' एवढ्यावर विसंबू नका, त्यात मात्झाचं पीठ असू शकतं. शब्बाथच्या हमोत्झीचं आणि सेदरच्या मात्झाचं काय करावं, हे आपल्या रब्बींना आणि डॉक्टरांना विचारावं. ओटचा मात्झाही मिळतो.

मग खायचं काय?

सुरुवातीला मी ग्लुटेन नसलेली महागडी बिस्किटं आणि पाव आणत असे. मग पाकिटं नीट वाचली. त्यांत बऱ्याचदा साखर आणि चरबी जास्त आणि कोंडा कमी असतो. पोराचं वजन वाढलं, पण पोट साफ होईना.

उपाय आईच्याच स्वयंपाकघरात होता. आपलं कोकणातलं जेवण गव्हाचं नव्हतंच! तांदळाची भाकरी, घावन, आंबोळ्या, सांदणं, भात आणि नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण, पोहे, मूग-वालाची उसळ. भारतीय दुकानातून नाचणीचं आणि ज्वारीचं पीठ आणतो, पण गिरणीत गहू मिसळलेला नाही याची खात्री करून. नाचणीत चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर आणि वाढत्या हाडांना तो हवाच. आता एकट्या त्याच्यासाठी वेगळं ताट होत नाही. रात्रीचं जेवण सगळ्यांचं एकच. साखर कमी झाली, डाळी-भाज्या वाढल्या, माझ्या नवऱ्याचं पोटही उतरलं. आणि ताटावर कुणी एकटं पडत नाही, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

बाबांची गोष्ट

आता तुम्हा वडीलधाऱ्यांच्या कामाचं. सीलिअ‍ॅक साधारण शंभरात एकाला असतो, पण रुग्णाच्या आईवडील, भावंडं, मुलं अशा जवळच्या नात्यात दहात एकाला निघू शकतो. तो कुठल्याही वयात दिसू शकतो. म्हणून आम्हा सगळ्यांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. मुलगी सुटली, नवरा सुटला, मी निघाले. मग माझ्या आईवडिलांची पाळी आली. आई सुटली. बाबा सापडले, एकाहत्तराव्या वर्षी.

बाबांचं रक्त कायम कमी. "म्हातारपण" म्हणून सगळे सोडून देत. साध्या पडण्याने मनगट मोडलं होतं, तेही म्हातारपणच. पोटाची तक्रार त्यांनी कधी मोठ्याने केली नाही. निदान ऐकल्यावर म्हणाले, "अलिबागेकडे होतो तोवर भात-भाकरी खात होतो, बरा होतो. इथे आलो आणि पाव सुरू झाला. मला वाटायचं पाव मानवत नाही, पण सगळा देश खातो, मलाच कसा मानवत नाही? म्हणून गप्प राहिलो." पन्नास वर्षं गप्प राहिले! गहू बंद केल्यावर वर्षभरात त्यांचं रक्त वाढलं. हाडं आणखी झिजू नयेत म्हणून इलाज चालू आहे.

तेव्हा रक्त वाढत नसेल, हाडं ठिसूळ झाली असतील, पोट वर्षानुवर्षं बिघडत असेल किंवा नात्यात कुणाला सीलिअ‍ॅक असेल, तर कुपात होलीमच्या डॉक्टरांना रक्ताच्या या तपासणीबद्दल विचारा. एक मात्र लक्षात ठेवा: तपासणी होईपर्यंत गहू खाणं चालू ठेवा. आधीच बंद केला तर रक्तात काही दिसत नाही आणि आजार लपून राहतो.

यंदा तू बिश्वातला आईच्या घरी एलियाहू हनावीचा मलिदा होता. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, जायफळ, सुकामेवा आणि फळं. गव्हाचा कण नाही. तरीही आईने पोह्यांचं पाकीट चष्मा लावून वाचलं, नवा चमचा काढला आणि पहिल्या दोन वाट्या आजोबा-नातवाच्या भरल्या. मुलाने विचारलं, "आजी, मी पण घेऊ?"

आई म्हणाली, "हा तुझाच आहे. पोटभर खा."