नाकाचे माप

आपल्या भाषेत अब्रूचे ठिकाण नाक. ते वर असते, खाली जाते, कापलेही जाते. सौंदर्याचे मापही तेच : चाफेकळी ती सुंदर, नकटी ती थट्टेची. म्हणून आपल्यातील एखाद्या विद्यार्थिनीला नाक किंचित घडवून घ्यावेसे वाटले, तर तिला उपदेश करण्याआधी हे माप कोठून आले ते पाहिले पाहिजे.

१८९१ साली रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने बंगालमधील जातींची नाके मोजून प्रसिद्ध केली. रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणायचे, की 'नासिकांक' निघतो. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्याचा सिद्धांत. डॉ. बाबासाहेबांनी १९४८च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात हीच मापे हाती घेतली आणि घुर्यांच्या आकड्यांवरून दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने वेगळे ठरत नाहीत. शास्त्र कोसळले, आरशातला न्यूनगंड मात्र राहिला.

आता उपायांविषयी. बिनशस्त्रक्रियेचा उपाय म्हणजे फिलर : हायलुरॉनिक आम्लाचे जेल सुईने कातडीखाली भरतात. दांड्यावर उंचवटा असेल तर त्याच्या वर-खाली भरून रेषा सरळ भासवतात, बसका दांडा उचलतात. पण भरल्याने नाक लहान होत नाही, नाकपुड्याही अरुंद होत नाहीत. परिणाम काही महिने, फार तर वर्ष-दीड वर्ष; मग पुन्हा खर्च. जाहिरातीत न येणारी गोष्ट अशी की नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. जेल वाहिनीत शिरले तर कातडी मरते, क्वचित दृष्टी कायमची जाते. जेल विरघळवणारे हायलुरोनिडेज जेथे हाताशी नाही, तेथे, विशेषतः ब्यूटी पार्लरात, ही सुई घेऊ नये.

शस्त्रक्रियेचा वारसा तर आपल्याच मातीतला. टिपूच्या कैदेत नाक कापल्या गेलेल्या कावसजी या बैलवाल्याला पुण्याजवळ कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवले गेले. ते वृत्त १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आले. त्यात रुग्णाचे नाव आहे, शस्त्रक्रिया करणाऱ्याची मात्र फक्त जात : वीटकरी. युरोपीय शल्यवैद्यांनी ही पद्धत तेथून उचलली.

आजची सौंदर्यशस्त्रक्रिया अर्थात निराळी. नाकपुडीच्या आतून, किंवा दोन नाकपुड्यांमधल्या पट्टीवर बारीक छेद घेऊन हाड घासतात, शेंड्याची कूर्चा घडवतात, नाकपुड्यांचा पाया अरुंद करतात. हे कायमचे असते. बहुधा पूर्ण भूल लागते, आठवडाभर नाकावर आधारपट्टी राहते आणि सूज पूर्ण उतरायला वर्ष लागू शकते. कातडी जाड असेल तर शेंडा फारसा रेखीव दिसत नाही. काहींना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागते. संगणकावर दाखवलेले चित्र म्हणजे वचन नव्हे. श्वासाची अडचण असेल तर ती आधी सांगावी. पडदा वाकडा असल्यास तो त्याच वेळी सरळ करता येतो, आणि नाक फार बारीक केले तर श्वास कोंडतो.