सुई किती बारीक हवी?

विमानांची, रणगाड्यांची छोटी मॉडेलं रंगवणारे नवखे हौशी पहिला एअरब्रश घेताना बहुधा सगळ्यात बारीक सुईवर बोट ठेवतात. सुई बारीक तर रेघ बारीक, असा त्यांचा साधा हिशेब असतो. मग ०.२ मिलिमीटरचा एअरब्रश घरी येतो, कपात ॲक्रिलिक प्रायमर ओतला जातो आणि थोड्याच वेळात नोझल तुंबतं.

सुईबरोबर सांगितला जाणारा हा आकडा खरं तर नोझलच्या तोंडाचा असतो. ०.२ च्या जागी ०.४ घेतलं की व्यास दुप्पट होतो, पण छिद्राचं क्षेत्रफळ चौपट. प्रायमर किंवा मेटॅलिक रंगातले जाड कण तिथून सहज निघतात. ०.२ ची सुई शोभते ती पातळ शाईला आणि मुरलेल्या हाताला.

बारीक रेघेचं श्रेय एकट्या सुईला देणं चूकच. डबल ॲक्शन एअरब्रशचा ट्रिगर खाली दाबला की हवा सुटते, मागे ओढला की निमुळती सुई मागे सरकते आणि तिच्याभोवतीच्या फटीतून रंग येतो. किती ओढायचं हे बोटावर अवलंबून. म्हणूनच अमेरिकेतल्या बॅजर कंपनीच्या पेट्रियट १०५ चं नोझल ०.५ चं असूनही सरावलेला हात त्यातून बऱ्यापैकी बारीक रेघ काढतो. रंग दुधाइतका पातळ हवा आणि दाब साधारण १५ ते २० पीएसआय, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही कमी.

इवाता कंपनीच्या एक्लिप्स एचपी-सीएसमध्ये ०.३५ चं नोझल येतं. जर्मनीच्या हार्डर अँड स्टीनबेकच्या अल्ट्रा टू-इन-वनमध्ये ०.२ आणि ०.४ असे दोन्ही संच मिळतात. सुई आणि नोझल नेहमी जोडीनेच बदलावं. एकाची सुई दुसऱ्याच्या नोझलमध्ये नीट बसत नाही आणि रंग गळत राहतो. सुईचं टोक जरा वाकलं तरी फवारा तिरका जातो. काही एअरब्रशमध्ये नोझल इवल्याशा आट्यांवर बसतं. ते जोरात पिळलं की तुटतं आणि आटे आतच राहतात! लॅकर थिनर वापरणाऱ्यांनी ओ-रिंग साध्या रबराची नाही ना, हेही पाहावं, कारण तसं रबर फुगतं.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप लावावाच लागतो, नाहीतर रंगात पाण्याचे थेंब उडतात.

पहिली खरेदी ०.३ ते ०.४ च्या दरम्यानची असावी. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारावं, याचं सुटं नोझल मिळतं का? मिळत नसेल, तर तो एअरब्रश स्वस्त असला तरी घेऊ नये.