अर्ध्या पत्र्याखाली

बेंगळुरूतलं कोरमंगला म्हटलं की आयटीवाल्यांना 2007 साल आठवतं. दोन बेडरूमचा फ्लॅट, त्यात सुरू झालेली फ्लिपकार्ट आणि पुढची सगळी दंतकथा. त्याआधी चार वर्षं, याच कोरमंगलात, राजेंद्रनगरच्या झोपडपट्टीतल्या एका दुमजली इमारतीच्या गच्चीवर एक शाळा भरायला लागली होती. तिची दंतकथा झाली नाही.

शुक्ला बोस यांनी कॉर्पोरेटमधली मोठी नोकरी सोडून 2003 मध्ये ‘परिक्रमा’ सुरू केली. मुलं 165. गच्चीवर छप्पर म्हणजे पत्रा, तोही अर्ध्याच भागावर. शाळा जूनमध्ये उघडते आणि पाऊसही जूनमध्येच येतो. सर आली की मुलं, बाई, सगळे त्या अर्ध्या पत्र्याखाली दाटीवाटीने उभे राहून ती ओसरायची वाट बघायचे.

शाळा पहिल्या दिवसापासून इंग्रजी माध्यमाची. मातृभाषेतून शिकावं हा माझाही हट्ट आहे. पण जी बाई दिवसभर दुसऱ्याच्या घरी भांडी घासते आणि त्या घरातली मुलं टाय लावून इंग्रजी शाळेच्या बसमध्ये चढताना रोज बघते, तिला हा हट्ट कोणत्या तोंडाने ऐकवायचा? शिवाय पाटीच्या आधी न्याहारी लागते, औषध लागतं, बापाची दारूही शाळेलाच निस्तरावी लागते, हे परिक्रमाने लवकर ओळखलं. पुढे शहरात तिच्या चार शाळा झाल्या.

तरीही अशा शाळेत मावून मावून किती मुलं मावणार? उरलेली सरकारी शाळेतच. मुंबईत माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांच्या ‘प्रथम’ने 1995 मध्ये बालवाड्यांपासून सुरुवात केली. बेंगळुरूत 2000 मध्ये उभी राहिलेली ‘अक्षरा’ त्याच वळणाची, सरकारी शाळेच्या आत शिरून काम करणारी. या वाटेने काम हळू होतं, फोटोही चांगले येत नाहीत. मला विचाराल तर खरी लढाई तिथलीच.

मग शिक्षण हक्क कायदा आला. एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि खासगी शाळांतल्या 25 टक्के जागा गरिबांच्या मुलांना मिळाल्या. अट एकच, मूल त्या परिसरातलं हवं. आता कोरमंगलाला लागून असलेल्या एजिपुऱ्याकडे बघा. तिथे महापालिकेच्या जमिनीवर दुर्बल घटकांसाठी बांधलेल्या सुमारे दीड हजार घरांची वसाहत होती. बांधकाम इतकं निकृष्ट की इमारती कोसळू लागल्या आणि लोक तिथेच पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागले. जानेवारी 2013 मध्ये, वार्षिक परीक्षा दोन महिन्यांवर असताना, तीन-चार दिवसांत बुलडोझरने सगळं सपाट केलं. जागेवर खासगी भागीदारीत मॉल व्हायचा होता. काही कुटुंबं शहराबाहेर सर्जापूरच्या बाजूला गेली, काही शेजारच्या फूटपाथवरच राहिली, कारण बायकांची कामं कोरमंगलातल्या घरांत होती. परिसरच पुसला गेल्यावर त्यातल्या शाळेवर हक्क कसला सांगायचा?

2019 मध्ये कर्नाटकाने नियमच फिरवला. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेवर त्या 25 टक्क्यांचं बंधन उरलं नाही. शहरात अशी शाळा जवळ नसते कुठे? तिथल्या उच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. महाराष्ट्राने फेब्रुवारी 2024 मध्ये हीच पळवाट काढून पाहिली, पण जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

मधल्या कोविडच्या वर्षात शाळा बंद झाल्या. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्यासाठी कर्नाटकाने ऑगस्ट 2020 मध्ये ‘विद्यागम’ योजना आणली. शिक्षक मुलांच्या वस्तीत जायचे. देवळाचं आवार, झाडाची सावली, जिथे जागा मिळेल तिथे वर्ग. संसर्गाच्या भीतीने दोन-अडीच महिन्यांत तीही थांबली. एजिपुऱ्याचा मॉल मात्र तेव्हाही झालेला नव्हता.