पोल डान्ससाठी घरातला पोल : निवड आणि निगा

• प्रकार : स्थिर पोल जागेवरच राहतो, स्पिनिंग पोल बेअरिंगवर फिरतो. अनेक पोलमध्ये दोन्ही सोयी असतात.

• जाडी : 45 मिमी व्यास सर्वाधिक प्रचलित. 40 आणि 50 मिमीचेही पोल मिळतात.

• पृष्ठभाग : क्रोम सर्रास वापरात. पितळेवर पकड चांगली बसते, पण घामाने ते काळवंडते. निकेलची अ‍ॅलर्जी असल्यास पावडर कोटेड पोल.

• बसवणे : दाबाचा पोल जमीन आणि छत यांच्यामध्ये घट्ट अडकवतात, कायमचा पोल स्क्रूने. वर आधार स्लॅबचा किंवा तुळईचा हवा, फॉल्स सीलिंगचा नव्हे. उभेपणा ओळंब्याने तपासतात.

• जागा : हातपाय पसरून फिरता येईल एवढी, चारही बाजूंनी मोकळी. खाली जाड क्रॅश मॅट.

• स्वच्छता : क्रोम आणि स्टील आयसोप्रोपिल अल्कोहोलने, सरावाआधी व नंतर पुसतात. सिलिकॉनच्या आवरणाला साबणपाणी. अंगठ्या, बांगड्यांनी चरे पडतात.

• तपासणी : सांधे, स्क्रू आणि वरची पकड प्रत्येक सरावाआधी पाहावी.

• मल्लखांबाशी फरक : मल्लखांब लाकडी, वर निमुळता; त्याला एरंडेल तेल चोळतात. पोलला तेल किंवा लोशन लागले, तर हात निसटतो.