रिकाम्या थरांची साक्ष

स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळचा खडक सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचा. गरम झऱ्यांच्या पाण्यातली सिलिका साचून तो तयार झाला. कीटकांच्या भाऊबंदांपैकी इवलेसे, बिनपंखी, सहा पायांचे जीव त्यात अजून शाबूत आहेत. त्यानंतरच्या, ३८.५ ते ३२.५ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत मात्र कीटक जवळजवळ सापडतच नाहीत. आणि मग फ्रान्समधल्या कोमांत्रीच्या कोळसाखाणीत, ३० कोटी वर्षांपूर्वीच्या थरात, पंखवाल्या कीटकांची झुंबड दिसते. शार्ल ब्रोन्यार यांनी १८८५ मध्ये नोंदवलेला मेगानेउरा हा चतुराचा नातलग त्यातलाच. त्याच्या पंखांचा पसारा सुमारे ६५ सेंटीमीटर होता.

मधल्या सहा कोटी वर्षांत हवेतला प्राणवायू घटला म्हणून कीटक रोडावले, असा तर्क २००६ मध्ये मांडला गेला. पण पंख मिटता येणारे आणि न येणारे असे दोन्ही तऱ्हांचे कीटक त्या कोळशाच्या थरांत आहेत. एवढी विविधता एका रात्रीत येत नाही. त्यांचे पूर्वज आधी असणारच. शिवाय २०१८ च्या अभ्यासात प्राणवायू तेवढा घटल्याचे आढळले नाही. खरी मेख पंखांत असावी. कीटकाचे मऊ अंग लवकर कुजते; चिवट, चपटा पंख पाण्यात पडून गाळाखाली टिकतो. बिनपंखी कीटक पुढच्या समृद्ध थरांतही दुर्मीळच आहेत. मधल्या काळातले कीटक बहुतांशी बिनपंखी असतील, तर ती पोकळी कीटकांच्या अभावाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, त्यांच्या न टिकण्याची असू शकते.

यावर कोणी म्हणेल, मग काहीही सापडले नाही की 'टिकले नसेल' म्हणून हात झटकता येतील. तसे नाही. कझाकस्तानातल्या काराताऊच्या ज्युरासिक सरोवराच्या गाळात हजारो कीटक मिळाले. गांधीलमाशीचे नातलगही त्यांत आहेत, मुंगी मात्र नाही. नाजूक कीटकही जपणाऱ्या थरात मुंगी नसेल, तर त्या नसण्याला वजन आहे. मुंग्या दिसू लागतात त्या ब्राझीलमधल्या सुमारे ११.३ कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडीत, आणि मग सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या, फ्रान्स आणि म्यानमारमधल्या अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या राळेच्या जीवाश्मात.

हीच कसोटी आपल्या शेजारच्या गुजरातलाही लावता येते. भारतीय भूखंड समुद्रातून एकटा सरकत आशियाला भिडला, तेव्हा त्यावरचे कीटक जगावेगळे असावेत, अशी अपेक्षा होती. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीतल्या, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरवरचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कीटक, कोळी वगैरेंचे ७०० हून अधिक नमुने होते. अनेकांचे नातलग युरोप, आशिया आणि मध्य अमेरिकेत निघाले. भूखंड एकाकी होता हे खडकांवरून ठरले होते. त्यावरचे जीवही एकाकी होते, हे मात्र आपण गृहीत धरले होते. ते तपासायला कीटक जपणारा थर हाती यावा लागला. म्हणून रिकाम्या थराला 'इथे कीटक होते का?' असे विचारण्याआधी 'असते तर इथे टिकले असते का?' हे विचारावे लागते.