प्रभात टॉकीज : पडद्याइतकीच जागेची गोष्ट

मराठी सिनेमाचा इतिहास आपण दिग्दर्शकांच्या आणि नटनट्यांच्या नावाने सांगतो. थिएटर त्यात आलेच तर पत्त्यापुरते. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातल्या ‘प्रभात’ची नोंद मात्र स्वतंत्रपणे घ्यायला हवी. ज्या कंपनीचे नाव ते मिरवत होते, तिच्यामागे ते साठेक वर्षे टिकले.

प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात निघाली. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे भागीदार. १९३३ मध्ये कंपनी पुण्यात आली आणि १९३४ पासून इंदूरच्या सरदार किबे यांच्या मालकीच्या या थिएटरवर ‘प्रभात’चे नाव लागले. स्टुडिओ एरंडवण्यात, गावाबाहेर. थिएटर पेठांच्या ऐन वस्तीत. आपले चित्र आपल्याच पडद्यावर लावायचे आणि लोकांना काय रुचते ते दाराशी उभे राहून पाहायचे, ही सोय फार थोड्या निर्मात्यांना होती.

१९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले, १९५३ मध्ये कंपनी बंद झाली आणि १९६० मध्ये स्टुडिओच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आली. थिएटर मात्र दामले कुटुंबाकडे चालूच राहिले. यात नवल नाही. निर्मात्याला दर चित्राला नवे भांडवल लावावे लागते, एक चित्र पडले की डोक्यावर कर्ज चढते. थिएटरवाल्याला चित्र कोणाचेही चालते; हे पडले तर पुढच्या शुक्रवारी दुसरे.

त्या काळची प्रोजेक्टर रूम म्हणजे भट्टीच. शेजारी शेजारी दोन यंत्रे, आत कार्बनच्या जळत्या कांड्या. एक रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका चमके आणि ऑपरेटर दुसरे यंत्र सुरू करी. जमले तर कोणाला पत्ता लागत नसे. चुकले तर पिटातून शिट्ट्या.

पुढे मराठी चित्रपटांचे हक्काचे घर म्हणून ‘प्रभात’ नावारूपाला आले. १९९१ चा ‘माहेरची साडी’ इथे दोन वर्षांहून अधिक काळ मुक्कामाला होता. समीक्षकांनी नाके मुरडली, पण घरात सिनेमाचा विषयही न काढणाऱ्या बायका दुपारच्या खेळाला रांगेत उभ्या राहिल्या. या प्रेक्षकाला परवडेल असे तिकीट आणि पायी गाठता येईल असे अंतर पेठेतल्या थिएटरकडेच होते.

मल्टिप्लेक्सने एकपडदा थिएटरे मारली, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धे खरे. मंडईजवळचे १९१५ चे ‘आर्यन’ १९८३ मध्येच गेले, तेव्हा पुण्यात मल्टिप्लेक्सचा मागमूसही नव्हता. त्या जागी वाहनतळ झाला. ‘प्रभात’चा करार २०१४ च्या अखेरीस संपला, वास्तू किबे कुटुंबाकडे परतली आणि पाटीवर ‘किबे लक्ष्मी थिएटर’ आले. दोन्हीकडे निकाल जागेने लावला. भरवस्तीतल्या भूखंडाचा भाव चढत गेला, की रोजचा गल्ला त्याच्यापुढे किरकोळ ठरतो.

म्हणूनच थिएटरांचा इतिहास लिहायचा तर पोस्टर आणि फोटो पुरे पडणार नाहीत. भाडेपट्टे, परवाने आणि रोजच्या खेळांच्या हिशेबवह्याही धुंडाळाव्या लागतील. ‘प्रभात’ची पाटी कशी लागली आणि कशी उतरली, याचे उत्तर त्या कागदांतच आहे.