बाबागाडीसह बेचाळीस किलोमीटर

ऑक्टोबर २०१६ मध्ये टोरांटोच्या वॉटरफ्रंट मॅरेथॉनमध्ये कॅनडाच्या कॅलम नेफने ४२.१९५ किलोमीटरचे अंतर २ तास ३१ मिनिटे २१ सेकंदांत पार केले. त्याच्या पुढे बाबागाडी होती आणि गाडीत त्याची अकरा महिन्यांची मुलगी. बाबागाडी ढकलत मॅरेथॉन धावणे हा गिनेसच्या विक्रमांतला स्वतंत्र प्रकार आहे. तो विक्रम त्या दिवशी नेफच्या नावावर लागला. हिशेब केला तर दर किलोमीटरला साधारण ३ मिनिटे ३५ सेकंद. हौशी धावपटूंपैकी अनेकांना हा वेग रिकाम्या हातांनी एक किलोमीटरसुद्धा टिकवता येत नाही.

गाडी आणि मूल मिळून वीसेक किलो वजन होते. तेवढे वजन पाठीवर बांधून कोणी असा धावू शकणार नाही, कारण पाठीवरचा भार प्रत्येक पावलाला वर उचलावा लागतो आणि खाली येताना झेलावा लागतो. चाकांवरचा भार मात्र रस्ताच पेलतो. धावणाऱ्याला फक्त चाकांचा आणि हवेचा विरोध मोडावा लागतो. तो किती असतो, हे शाळेतल्या भौतिकशास्त्रावरून काढता येते.

वीस किलो वजन जमिनीवर सुमारे २०० न्यूटन बलाने दाबते. हवा नीट भरलेली चाके आणि गुळगुळीत डांबरी रस्ता असेल, तर चाके फिरताना होणारा विरोध त्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे दोनेक न्यूटन भरतो. दोनशे ग्रॅमची पुडी तळहातावर तोलायला लागते, तेवढेच हे बळ. तासाला अकरा किलोमीटरच्या निवांत वेगात गाडीला होणारा हवेचा विरोधही साधारण तेवढाच. सपाट रस्त्यावर, वारा पडलेला असताना, सगळा मामला चार-पाच न्यूटनांत आटोपतो.

एवढ्याने शरीराचा खर्च किती वाढतो? १९९९ मध्ये यंग-हुई चँग आणि रॉजर क्रॅम या संशोधकांनी धावणाऱ्यांना मागून आडवे ओढून त्यांची ऊर्जा मोजली. शरीराच्या वजनाच्या ६ टक्के इतके बल मागे खेचू लागले की खर्च सुमारे ३० टक्क्यांनी वाढत होता. साठ किलोच्या धावपटूसाठी हे बल ३५ न्यूटन होते. त्याच प्रमाणात बाबागाडीचे चार-पाच न्यूटन धरले, तर वाढ चारेक टक्क्यांची येते. हा माझा ढोबळ हिशेब आहे, पण नेफसारख्या कसलेल्या धावपटूची वेळ त्यावरून समजू शकते.

आता वारा येऊ द्या. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी अठरा किलोमीटरचा वारा समोरून आला की वाऱ्याचा आणि धावण्याचा वेग एकत्र होतो आणि तोच दोन-अडीच न्यूटनांचा विरोध सोळा-सतरावर जातो. इतर धावपटू अशा वेळी कोणाच्या तरी पाठीशी लपतात. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत शरीरक्रियाशास्त्रज्ञ म्हणून गेलेल्या ग्रिफिथ प्यू यांनी १९७१ मध्ये मोजून दाखवले होते, की पुढच्या धावपटूच्या मीटरभर मागे राहिले तर हवेचा सुमारे ८० टक्के विरोध टळतो. बाबागाडीवाल्याला ती सोय नाही. त्याच्या आणि पुढच्याच्या मध्ये गाडी असते, आणि कोणाच्या टाचांवर चाक घालायचे नसेल तर ते अंतर आणखी वाढवावे लागते.

खरी परीक्षा चढावर. शंभर मीटरला पाच मीटर इतका चढ आला की गाडीला मागे ओढणारे बल एकदम दहा न्यूटनांनी वाढते, म्हणजे सपाटीवरच्या एकूण विरोधाच्या दुपटीहून जास्त. शिवाय स्वतःचे शरीर वर न्यायचे ते वेगळेच. मुंबई मॅरेथॉन धावलेल्यांनी पेडर रोडचा चढ आठवावा आणि हातात गाडीची दांडी आहे अशी कल्पना करावी. उतारावर सुटका होते असेही नाही. तिथे गाडी पुढे पळू पाहते आणि तिला आवरण्यासाठी मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात. दुसऱ्या दिवशी पाय भरून येतात ते याच कामामुळे. गाडीचा मनगटाला बांधायचा पट्टा उताराच्या वेळी काढून ठेवण्याची चूक कोणी करू नये.

या विषयात डिक आणि रिक हॉइट या पितापुत्रांचे नाव आले नाही तर लेख अपुरा राहील. १९६२ मध्ये जन्मलेल्या रिकला सेरेब्रल पाल्सी होती. १९७७ मध्ये अपघातात जायबंदी झालेल्या एका खेळाडूच्या मदतीसाठी पाच मैलांची शर्यत ठेवली होती. तिच्यात रिकला भाग घ्यायचा होता, म्हणून वडिलांनी त्याला चाकांच्या खुर्चीत ढकलत ती पूर्ण केली. धावताना आपले अपंगत्व जाणवत नाही, असे त्याने नंतर संगणकाच्या मदतीने सांगितले, आणि डिक पुढची जवळपास चार दशके धावत राहिले. १९९२ च्या मरीन कोअर मॅरेथॉनमध्ये त्यांची वेळ होती २ तास ४० मिनिटे ४७ सेकंद. डिक तेव्हा ५२ वर्षांचे होते आणि खुर्चीत तीस वर्षांचा मुलगा होता. बॉस्टन मॅरेथॉन ते वर्षानुवर्षे धावले, तिथल्या न्यूटन गावातल्या त्या कुप्रसिद्ध चढांसकट. वरचे गणित मूल आणि गाडीच्या वीस किलोंचे आहे. पूर्ण वाढलेल्या माणसासाठी ते करून पाहिले की या बापाने काय केले ते आकड्यांतही दिसते, आणि मला ते आकडे दर वेळी थक्क करतात.

बळापेक्षा अवघड भाग आहे तो हातांचा. धावताना उजवा पाय पुढे जातो तेव्हा धड एका बाजूला वळू पाहते आणि डावा हात पुढे येऊन ते वळणे रोखतो. क्रिस्टोफर अरेलानो आणि क्रॅम यांनी २०१४ मध्ये धावपटूंना हात वेगवेगळ्या जागी धरून धावायला लावले. पाठीमागे धरले तर खर्च ३ टक्क्यांनी वाढला, छातीवर ९ आणि डोक्यावर १३ टक्क्यांनी. दांडीवर दोन्ही हात ठेवले की धडाचे हे वळणे गाडीला आणि पायांना सोसावे लागते. पाऊलही आखूड पडते, कारण पुढे चाके असतात. २०१७ मध्ये अल्कँटारा आणि वॉल-शेफलर यांनी सोळा जणांना आपापल्या वेगाने धावू दिले, तेव्हा गाडीमुळे नाडीचे ठोके वाढले नाहीत. लोक आपोआप हळू झाले आणि पावले लहान झाली. दोन हातांनी ढकलणाऱ्यांचा वेग त्यातल्या त्यात चांगला राहिला. गाडीला धक्का देऊन तिच्यामागे पळण्याची पद्धत काही जण वापरतात; रहदारीच्या रस्त्यावर ती वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

धावण्यासाठीची तीनचाकी बाबागाडी अमेरिकेतल्या याकिमा गावच्या फिल बेक्लर या वृत्तपत्रातल्या माणसाने १९८४ मध्ये सायकलची चाके लावून बनवली. मोठे चाक खड्ड्यात कमी अडकते. पुढचे चाक धावताना जखडून ठेवायचे असते; मोकळे राहिले तर वेगात ते थरथरू लागते.

आता आत बसलेल्याचा विचार. मान धरली म्हणजे झाले नाही. धक्के सोसण्याइतके मानेचे स्नायू बळकट व्हायला हवेत, म्हणून सहा ते आठ महिन्यांआधी मुलाला घेऊन धावू नये, असे सांगितले जाते. आईबाप घामाघूम होत असताना मूल मात्र स्वस्थ बसलेले असते. थंडीत ते गारठते. उन्हात त्याच्यावर कोरडे कापड टाकले तर हवा कोंडते आणि आतले तापमान बाहेरच्यापेक्षा वाढते. सिडनी विद्यापीठातल्या प्रयोगांत ओले पातळ मलमल आणि छोटा पंखा यांनी ते उलट उतरले. हवेचेही तसेच. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाचे प्रशांत कुमार आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले, की बाबागाडीतले मूल मोठ्यांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषणाला सामोरे जाऊ शकते, कारण त्याचे नाक जमिनीपासून ०.५५ ते ०.८५ मीटरवर, गाड्यांच्या धुराच्या पातळीला असते. पुण्या-मुंबईत बाबागाडी घेऊन पळायचे असेल तर सिग्नलचे रस्ते टाळावेत, बागेतला किंवा टेकडीच्या पायथ्याचा रस्ता धरावा, आणि वाहने सुरू होण्याआधी, ऊन चढण्याआधी घरी परतावे.